कडूपणा सिगारचा की झुरक्यांचा?
कनेटिकट शेड पानाचा (म्हणजे सावलीत वाढवलेलं फिकट पान वरून गुंडाळलेला) सौम्य सिगार अर्ध्यावर कडू झाला म्हणून माल खराब, असं एकजण म्हणतोय. एवढ्यात निकाल नको. सांगलीत एप्रिलमध्ये उघड्यावर ठेवलेला सिगार वाळतो, भरभर जळून तापतो. मग कडू लागणारच. ६५ ते ६९ टक्के आर्द्रतेच्या डब्यात दोन आठवडे ठेवून बघा. बोटांनी दाबल्यावर किंचित दबून परत यायला हवा. करकरला तर अजून कोरडाच. टोपी, म्हणजे तोंडात धरायचं बंद टोक, दोनेक मिलिमीटरच कापा, जास्त कापली की वरचं पान उलगडतं. न पेटवता एक झुरका घ्या: वाळलेलं गवत, देवदार असं काही लागतं. पेटल्यावर मिनिटाला एकच झुरका, धूर तोंडातच. मत मधल्या भागावर ठरवा. शेवटी बहुतेक सिगार तिखटच होतात. आणि मिसळ खाऊन तर चव घ्यायला बसूच नका, राव!