उतरत्या थंडीत खाडीकाठी: पक्षीनिरीक्षणाचे तुमचे अनुभव लिहा

थंडी सरत आली की खाडीवरचे पाहुणे परतीच्या तयारीला लागतात. या दिवसांत किनाऱ्यावरच्या एखाद्या राखीव क्षेत्रात गेला असाल तर काय दिसलं, काय हुकलं ते लिहा. फजितीही चालेल, सुरुवात माझ्याच फजितीने.

पहाटे दुर्बीण गळ्यात अडकवून पोचलो. समोर नुसता चिखल, आणि पक्षी पार पाण्याच्या कडेला, मोहरीएवढे. भरती-ओहोटीचं कोष्टक बघायचं सुचलंच नव्हतं. आता पूर्ण भरतीच्या दोनेक तास आधी जाऊन बसतो. पाणी चढतं तसे पक्षी आपणहून जवळ येतात. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे कालची वेळ आज धरायची नाही. (हेही चुकूनच शिकलो.)

*

काळ्या डोक्याचे कुरव (सीगल) म्हणे, आणि डोकी पांढरीफटक! कानामागे तेवढा एक ठिपका. थंडीच्या शेवटी पुन्हा गेले, तर त्याच थव्यात काहींची डोकी अर्धीमुर्धी रंगलेली, कलप लावताना मधेच उठून आल्यासारखी. ऊन पडल्यावर पाहिलं, तर रंग काळा नाहीच, चॉकलेटी. नाव ठेवणाऱ्याने लांबूनच पाहिलं असणार.

*

माझा अनुभव जरा लाजिरवाणा आहे. एक कर्ल्यू (चिखलात चरणारा मोठा पाणपक्षी) खेकडा धरून झटकत होता. एकेक पाय गळून पडला, मग उरलेला खेकडा त्या लांब वाकड्या चोचीतून गिळला. फोटोसाठी मी चार पावलं पुढे सरकलो आणि अख्खा थवा उडाला. सोबतचे काका एवढंच म्हणाले, "प्रवासाची शिदोरी सांडलीस त्यांची."

तेव्हा राग आला होता. नंतर वाचलं, २०२२ मध्ये बार-टेल्ड गॉडविट या अशाच स्थलांतरी पक्ष्याचं एक पिल्लू अलास्काहून टास्मानियाला न थांबता गेलं: ११ दिवस, सुमारे १३,५६० किलोमीटर, सगळं अंगातल्या चरबीवर. परतीच्या तोंडावर आपण पक्षी उठवतो तेव्हा तीच चरबी फुकट जळते. आता ते मान वर करून चरायचे थांबले की मीही थांबतो.

*

आम्हाला धुकंच धुकं. शिट्ट्या ऐकू येत होत्या, दिसत काही नव्हतं. शेवटी खुंटावर एक बगळा सापडला. दहा मिनिटं श्वास रोखून बघितला. धुकं विरलं, तर प्लास्टिकची पिशवी. लेकीने वहीत इमानदारीत नोंद केली: पिशवी, एक.