चमकणारा माग आणि ‘खऱ्या’ शिकाऱ्यांचा तोरा

रानवाट (धागाकर्ता):
काल ‘द हंटर: कॉल ऑफ द वाइल्ड’ या शिकारीच्या संगणक-खेळावरील चर्चेत (त्यात जनावराच्या मागावरच्या खुणा पडद्यावर उजळून दिसतात) एका सदस्याने लिहिले, “ज्याला जखमी जनावराचा माग चमकणाऱ्या खुणांशिवाय काढता येत नसेल, तर त्याने काउंटर-स्ट्राइकसारखा नुसत्या गोळीबाराचा खेळ खेळावा.” तिथे दोन ओळींत उत्तर देऊन समाधान झाले नाही, म्हणून हा धागा. माणूस रानात माग काढतो तेव्हा वाकतो, पान उलटून पाहतो, ओल बोटाला लावून पाहतो. माझ्यासमोर असते ती २४ इंची काच, आणि खेळातल्या हिर्शफेल्डनच्या रानात पाचोळ्याचा व रक्ताचा रंग जवळपास एकच दिसतो. नाक, बोटे आणि मान वाकवण्याची सोय काढून घेतल्यावर खुणा उजळून दाखवणे ही सवलत नव्हे, भरपाई आहे. २०१७ पासून हा खेळ खेळतो आहे, त्यामुळे मला नवशिक्या म्हणू नये.

कातळ:
ते वाक्य माझेच, आणि मी ते मागे घेणार नाही. खुणा चमकतात म्हणून तुम्ही ३०० मीटरवरून, जनावर तिरके उभे असताना गोळी घालता. नेम चुकला तरी यंत्र मागावर नेऊन सोडणारच, हे तुम्हाला ठाऊक असते. मी सेटिंगमध्ये जाऊन त्या खुणा बंद केल्या आणि पहिल्या आठवड्यात चार रेड डिअर गमावली. तेव्हापासून जनावराची बाजू पूर्ण समोर येईपर्यंत मी चापाला बोट लावत नाही. तुमच्या ‘भरपाई’ने हे शिकवले असते का?

तांबडमाती:
कातळसाहेब, मला लाल आणि हिरवा यांत फरक कळत नाही. युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे ८ टक्के असते, आपल्याकडे थोडे कमी, पण आम्ही आहोत. खुणा बंद केल्यावर गवतावरचे रक्त मला दिसतच नाही. बाकी, जखमी सावजाच्या मागावर ज्या कुत्र्याला सोडतात त्यालाही लाल-हिरव्यातला भेद कळत नाही. त्यालाही काउंटर-स्ट्राइक खेळायला पाठवावे काय?

कातळ:
आपला मुद्दा वेगळा आहे. अपवाद मान्य. एकच.

हॅनोव्हरकर:
दोघांनाही मुद्दा सापडलेला नाही. मी जर्मनीत राहतो आणि शेजाऱ्याबरोबर दोनदा अशा मागावर गेलो आहे. येथील शिकारी जखमी सावजाच्या रक्ताला ‘श्वाइस’, म्हणजे शब्दशः घाम, म्हणतात. गोळी लागली ती जागा फांदी मोडून खुणावतात आणि थांबतात. रक्त फिकट व फेसाळ असेल तर फुप्फुस, गडद असेल तर यकृत; पोटातला हिरवट अंश दिसला तर काही तास पुढे पाऊलच टाकायचे नाही, कारण मागे लागल्यास जनावर उठून कोसभर जाते. त्यानंतर मागावरचा खास कुत्रा बोलावतात. जखमी सावजाच्या यातना टाळणे हे येथील शिकार कायद्याच्या २२अ कलमाने बंधनकारक आहे. खेळात मात्र हातातले उपकरण जखमेचा अंदाज सांगते आणि आपण लगेच धावत सुटतो. खुणा चमकोत वा न चमकोत, थांबणे कुठे आहे?

आजोळ:
थांबण्यावरून आठवले. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा येण्यापूर्वी माझ्या आजोबांनी कोकणात हाक्याच्या वेळी ठासणीच्या बंदुकीने रानडुक्कर जखमी केले. ते करवंदीच्या जाळीत शिरले, आजोबा न थांबता मागोमाग गेले आणि डुकराने त्यांची मांडी फाडली. शेवटपर्यंत ते लंगडत चालत. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीचे सुळेही जुन्या गोळीनेच तुटले होते, हे जिम कॉर्बेट यांनी १९०७ मध्ये तिला मारल्यानंतर दिसले. अर्धवट सोडलेले सावज कुणाच्या तरी अंगावर येतेच.

भुईमूग:
आजोबांचे कौतुक पुरे. आज तेच डुक्कर आमचा भुईमूग उकरते आणि पंचनाम्यासाठी मी तीन हेलपाटे घालतो. तुम्ही काचेवर रक्ताचे थेंब मोजा.

आजोळ:
मी कौतुक केलेले नाही, चूक सांगितली. वाचून लिहावे.

भुईमूग:
वाचले. आपल्या आजोबांना निदान बंदूक उचलता येत होती. आमच्या हाती पत्र्याचा डबा आणि काठी. गेल्या कार्तिकात कुणाच्या तरी फासात अडकून जखमी झालेले एक डुक्कर माझ्या बांधावर आले. रात्रभर त्याचे ओरडणे ऐकले आणि सकाळी वनरक्षकाला फोन लावत बसलो. त्या मागावर काहीही चमकत नव्हते. ज्वारीच्या धाटांवर रक्त वाळून काळे पडले होते आणि ते रक्त आहे हे मला मुंग्यांमुळे कळले.

कातळ:
मुंग्या! खेळात मुंग्या असत्या तर मी रानवाट यांच्याशी भांडलोच नसतो.

रानवाट:
म्हणजे खूण दिसण्याला आपली हरकत नाही, ती मुंग्यांनी दाखवावी एवढाच आग्रह. छान. हॅनोव्हरकरांचे थांबणे मात्र मला मान्य करावे लागेल, नाइलाजाने. काल रात्री रानडुकराला गोळी घालून मी घड्याळ लावून वीस मिनिटे बसलो. पंधराव्या मिनिटाला डुलकी लागली. जागा झालो तेव्हा खेळात अंधार पडला होता, आणि माग, कातळसाहेब, तरीही चमकत होता.

कातळ:
डुक्कर मिळाले का, ते सांगा.

रानवाट:
मिळाले. गोळी पोटात लागली होती.