मदत हवी आहे: इंडोनेशियातली काकी, आफ्रिकेतला काका. योगायोग की उसनवारी?

नमस्कार मंडळी.

गुहागर तालुक्यातल्या आमच्या वाडीत गणपतीत पोरं दरवर्षी एक नाटुकलं बसवतात. यंदा लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. नायक म्हणजे बोटीवरून निवृत्त होऊन आलेला खलाशी बापू. तो परदेशात ऐकलेल्या शब्दांचे घोळ सांगतो. आमच्याकडे बोटीवर गेलेली माणसं पुष्कळ, त्यामुळे माल मिळवायला त्रास पडला नाही. इंडोनेशियात ‘काकी’ म्हणजे पाय, ‘माता’ म्हणजे डोळा, ‘सुसू’ म्हणजे दूध (यावर पोरं लोळून हसतात, पण गावात बायामाणसं पुढे बसलेली असतात, बघू). मोंबासाला स्वाहिलीत ‘काका’ म्हणजे भाऊ आणि ‘दादा’ म्हणजे चक्क बहीण. कोरियन कॅप्टन ‘ने’ म्हणाला तर त्याचा अर्थ ‘हो’. खाली कारवारकडे उतरलं की कन्नडमध्ये ‘मर’ म्हणजे झाड आणि ‘नायी’ म्हणजे कुत्रा. दर दुसऱ्या वाक्याला ‘नाय’ म्हणणाऱ्या आमच्यासारख्यांनी तिकडे काय करावं?

एक प्रसंग झालाय तो असा. जकार्ताच्या दवाखान्यात डॉक्टर बापूला विचारतो, “काकी?” बापू हात जोडून, “बरी आहे, गावाला असते.” डॉक्टर पाय दाबतो. बापू कळवळून, “अहो, ती गावाला असते!”

अडचण पुढेच आहे. गावातल्या निवृत्त गुरुजींनी वही वाचली आणि म्हणाले, हे सगळे शब्द मुळात आपलेच, संस्कृतातून तिकडे गेले, शेवटी सूत्रधाराने तसं सांगून टाक. माझा मुंबईचा भाचा म्हणतो, मामा, सगळा निव्वळ योगायोग. मला दोघांचंही पटत नाही. इंडोनेशियनमध्ये ‘बहासा’ म्हणजे भाषा, ‘गुरू’ म्हणजे शिक्षक, ‘कपाला’ म्हणजे डोकं. हे आपल्याकडून गेले हे शेंबडं पोरही सांगेल. मग ‘माता’ का नाही? आणि ‘इस्त्री’ म्हणजे बायको, हे कशात धरायचं?

उसना शब्द कुठला आणि योगायोग कुठला, हे ओळखायची काही रीत आहे का? जाणकारांनी सांगावं. ‘भाषा प्रवाही असते’ छापाचे प्रतिसाद कृपया नकोत, ते मला स्वतःला लिहिता येतात.

तिरफळ

रीत आहे. संशयित शब्दाच्या भाऊबंदांकडे चौकशी करायची.

‘माता’ घ्या. मलाय-इंडोनेशियनचं गोत मादागास्करपासून हवाईपर्यंत पसरलंय. फिलिपिन्सच्या टागालोगमध्ये डोळा ‘माता’, फिजीतही ‘माता’, हवाईत ‘माका’, मादागास्करात ‘मासु’. हवाईत संस्कृत कोण घेऊन गेलं? म्हणजे शब्द त्यांचा स्वतःचा, घरचा. शिवाय हवाईत त चा क होणं हे एकाच शब्दापुरतं नाही. न्यूझीलंडच्या माओरीत ‘तापू’ (निषिद्ध), तर हवाईत ‘कापू’. माओरीत माणूस ‘तांगाता’, हवाईत ‘कानाका’. फरकसुद्धा असा नेमाने पडत असेल तर ते रक्ताचं नातं. नुसतं ऐकायला सारखं वाटण्याला काही किंमत नाही.

आता ‘कपाला’. हवाईत, मादागास्करात त्याचा पत्ता लागत नाही. तो सापडतो जिथे भारतीय व्यापारी, पंडित, भिक्षू पोचले तिथे. म्हणजे तो आपला, संस्कृत कपाल. गुरुजी तेवढ्यापुरते बरोबर.

खाडीपलीकडून

कारवारहून बोलतोय. ‘मर’ आणि ‘नायी’ला तीच कसोटी लावा. झाड तमिळ-मल्याळममध्ये ‘मरम्’, कुत्रा तमिळमध्ये ‘नाय्’. दोन्ही अस्सल द्राविडी. तुमच्या मरण्याशी किंवा नकाराशी त्यांचा काही संबंध नाही.

गुरुजींना आणखी एक सांगा. थोरल्या बहिणीला तुम्ही ‘अक्का’ म्हणता, थोरल्या भावाला ‘अण्णा’. हे दोन्ही शब्द आमच्याकडून वर गेलेले. आम्ही परत मागत नाही, पण सूत्रधाराच्या तोंडी सगळं संस्कृतातून आलं असं घालू नका, पहिल्या रांगेतली अक्काच उठून उभी राहील.

रेवदंडा_धक्का

‘इस्त्री’वर मी सांगतो. इंडोनेशियन ‘इस्त्री’ म्हणजे संस्कृत स्त्री. नवऱ्याला ‘सुआमी’ म्हणतात, म्हणजे स्वामी. आपली कपड्यांची इस्त्री मात्र पोर्तुगिजांकडची, ‘एस्तिरार’ म्हणजे ताणणे, त्यावरून. म्हणजे एका जोडीत दोन्ही बाजूंना उसनवारी आहे, फक्त सावकार वेगळे. आणि दोघं एकासारखे दिसतात हा योगायोग! घरचा, उसना, योगायोग अशा तीन खान्यांत हे बसवताना घाम फुटेल.

पावाचं त्याहून गमतीचं. खायचा पाव पोर्तुगीज ‘पांव’वरून आला. पाव किलोमधला पाव संस्कृत ‘पाद’वरून, म्हणजे चौथा पाय, चौथा हिस्सा. दोघांचा एकमेकांशी संबंध शून्य. पण पोर्तुगीजमध्ये पायाला ‘पे’ म्हणतात, आणि तो ‘पे’ नि आपला ‘पाद’ एकाच मुळातले. मराठी आणि पोर्तुगीज लांबून का होईना, एकाच कुळातल्या. म्हणजे बेकरीतला पाव परका आणि वाण्याच्या काट्यावरचा पाव पोर्तुगिजांचा भाऊबंद.

आमच्याकडचं एक उदाहरण घ्याच. खाडीपलीकडे कोर्लईत ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजपासून तयार झालेली बोली आजही घरात बोलतात. पोर्तुगिजांनी चौल सोडलं १७४० साली, बोली राहिली. त्या बोलीचं तिथलं नाव ‘नौ लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’. पहिल्यांदा ऐकणारा मराठी माणूस मनात नऊ पिंडी मोजायला लागतो. नाटकात फुकट हशा आहे, मात्र कोर्लईकरांची टिंगल होऊ देऊ नका.

सुरूबन

काका, दादा, आबा, मामा हे शब्द या वादातून बाहेरच काढा. बाळाला आधी जमतात ते म, ब, प, द असे ओठांचे आणि जिभेच्या टोकाचे आवाज, आणि आईबाप त्यातच आपापली नावं ऐकतात. भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोब्सनने हे नीट मांडलंय. म्हणून हे शब्द जगभर सारखे, पण नाती इकडची तिकडे. जॉर्जियन भाषेत ‘मामा’ म्हणजे बाप आणि ‘देदा’ म्हणजे आई. अशा शब्दांवरून कुणाचं कुळ काढू नये.

अलिबाग तालुक्यात बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, आपले शनिवार तेली, पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आले. इस्राएलला गेलेल्यांची नातवंडं गाव बघायला येतात तेव्हाचा प्रवेश लिहा. हिब्रूत ‘आनी’ म्हणजे मी, ‘मी’ म्हणजे कोण, ‘ही’ म्हणजे ती. आजी फोटो दाखवत म्हणते, “मी आणि ही.” नातवाला ऐकू येतं, “कोण, मी, ती.” तिथे हिब्रू ‘अब्बा’ म्हणजे बाप आणि आपले आबा म्हणजे आजोबा, हाही गोंधळ आयता मिळेल.

‘ने’ राहिलं. ग्रीकमध्येही ‘ने’ म्हणजे हो. कोरियन आणि ग्रीकचं काही नातं नाही, तरी आवाज एक आणि अर्थही एक. जगात सात हजारांच्या आसपास भाषा, आणि एका अक्षराचे शब्द बनणार किती? टक्कर होणारच. लांब शब्द जुळला तर मात्र कान टवकारा. अननस पाहा: पोर्तुगीज ‘अनानास’, मलाय ‘नानास’. फळ दक्षिण अमेरिकेतून निघालं आणि नाव बरोबर घेऊन फिरलं.

कोकम_आगळ

व्हिडिओ टाका हो नाटकाचा.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. सूत्रधाराचं भाषण काढलं. गुरुजींना ‘कपाला’ आणि ‘अक्का’ दोन्ही दाखवले. ते म्हणाले अक्काचं तपासून सांगतो, पण हवाईचा ‘माका’ त्यांनी स्वतःच्या वहीत उतरून घेतला. इस्त्रीचा प्रवेश नवा लिहितोय: इंडोनेशियन खलाशी विचारतो “इस्त्री कुठे?” आणि बापू त्याला लाँड्रीत नेतो.

एक शेवटचं. डॉक्टर नुसतं “काकी?” म्हणतो ते तोकडं वाटतं. ‘पाय दुखतोय?’ कसं म्हणतात? तालीम शनिवारी आहे.

तिरफळ

“साकित काकी?” साकित म्हणजे दुखणं, आजारपण. शेवटचा त पूर्ण सोडायचा नाही, जीभ दाताला लावून तिथेच अडवायची.