‘ऑफिस बॉय’ला पन्नाशीतही ‘बॉय’च म्हणायचं का?

शब्दवेडी:
आमच्याकडे चहा आणून देणाऱ्या काकांच्या ओळखपत्रावर ‘ऑफिस बॉय’ छापलंय. मिशा पांढऱ्या, चष्म्याला दोरी, मुलीचं लग्न झालेलं. हे पदनाम बदलायलाच हवं. ‘शब्दच तर आहे, सोडा ना’ हे मला पटत नाही, कारण नोकराला पोर म्हणायची खोड फार जुनी आहे. अरबीत ‘गुलाम’ म्हणजे मुळात मुलगा, तरुण. रोमन लोक दासाला ‘पुएर’ म्हणत, म्हणजे मुलगाच. मार्कसचा दास असेल तर ‘मार्किपोर’: मालकाच्या नावाला ‘पोर’ जोडलं की झालं! ग्रीकांचा ‘पाइस’ही तसाच, मूल आणि दास दोन्ही. दास म्हातारा झाला तरी हाक तीच. यात माया कुठे दिसते? पोराला कारभारात बोलायचा हक्क नसतो, तेच मोठ्या माणसाला लागू केलं.

जुनादफ्तर:
गुलामाबद्दल मान्य. पण हिंदुस्थानातल्या ‘बॉय’चं मूळ इतकं सरळ नाही. 1886 सालच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात त्याचे दोन अर्थ आहेत: एक घरचा नोकर, दुसरा पालखी वाहणारा. हा दुसरा म्हणजे आपला भोई, तेलुगूत ‘बोयी’. साहेबाच्या कानाला दोन्ही सारखेच. म्हणजे निदान अर्धा ‘बॉय’ धंद्याच्या नावावरून आलाय, वयावरून नाही. सगळ्यात अपमान शोधू नये.

शब्दवेडी:
पालखीपुरतं ठीक. पण दक्षिण आफ्रिकेतही गोरे मालक प्रौढ नोकराला ‘बॉय’च म्हणत, चीनच्या बंदरांतही. तिथे कुठले आलेत भोई? आणि आमचे काका पालखी उचलत नाहीत.

सरळसोट:
मूळ कुठलंही असो, शब्द उतरतो तसा चढतोही. इंग्रजीतला ‘नाइट’ म्हणजे सरदार ना? जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ मुलगा, नोकर असाच होता. त्याचाच जर्मन भाऊ ‘क्नेख्ट’ नोकरच राहिला. ‘मार्शल’ तर मुळात घोड्यांचा चाकर. उलट आपला ‘नोकर’ मंगोल ‘नोकोर’वरून आला, म्हणजे साथीदार, सरदाराच्या खास माणसांपैकी एक, तो खाली आला. नाइटाच्या हाती घोडा आणि जमीन आली, म्हणून शब्दाला मान आला. काकांचा पगार वाढवा, कार्ड नंतर बघू.

वाड्यामागे:
पगार वाढला की मान आपोआप मिळतो, हे मला मान्य नाही. ‘हुजूर’वरून ‘हुजुरात’ (धन्याची खास फौज) आणि ‘हुजूरपागा’ (त्याच्या घोड्यांची पागा) झाले, ते आजही आदराने उच्चारतो. त्याच शब्दावरून धन्याच्या हाताखालचा ‘हुजऱ्या’ झाला, आणि ‘हुजरेगिरी’ म्हणजे लाळघोटेपणा! 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांवर वार होत होते, तेव्हा चापाजी टिळेकर हा सेवक त्यांच्या अंगावर आडवा पडला आणि तिथेच मेला. असल्या माणसांच्या कामाचं नाव आपण शिवी म्हणून वापरतो. हे कुणी केलं? ज्यांनी कधी कुणाचं पाणी भरलं नाही त्यांनी.

गल्ल्याजवळ:
मी बाराव्या वर्षी हॉटेलात पोऱ्या होतो. तेव्हा खरंच पोर होतो, म्हणून शब्द लागला नाही. लागलं ते हे की मालकाला माझं नावच ठाऊक नव्हतं. ऑक्टोबर 2006 पासून घरकामाला आणि हॉटेल-ढाब्यांत 14 वर्षांखालच्या मुलांना ठेवायला बंदी आली. म्हणजे आता कायद्यानं तिथे ‘पोऱ्या’ असूच शकत नाही. तरी शेजारच्या खानावळीत चाळिशीच्या माणसाला ‘ए पोऱ्या, फडका मार’ अशी हाक ऐकतो. शब्दवेडी, कार्ड बदलाच. पण आधी त्यांना विचारा, काय छापलेलं आवडेल.

शब्दवेडी:
हे विचारते. माझ्या डोक्यात ‘कार्यालय सहायक’ होतं.

सरळसोट:
विचाराच. आणि नव्या कार्डाबरोबर पगाराची श्रेणी बदलली का, तेही इथे लिहा. नसेल बदलली तर माझा विरोध कायम.