'द फॅमिश्ड रोड' अर्ध्यावर सुटते ती कुणामुळे?

शाईदौत
नायजेरियन लेखक बेन ओक्री यांच्या 'द फॅमिश्ड रोड'ला १९९१ साली बुकर मिळालं. पाचशे पानांची कादंबरी. निवेदक अझारो हा 'अबिकू' आहे. नायजेरियातल्या योरुबा भाषेत याचा अर्थ मरण्यासाठी जन्मलेला: यायचं, आईबापाला लळा लावायचा, मरायचं आणि पुन्हा त्याच कुशीत यायचं. अझारो मात्र राहायचं ठरवतो, आणि पलीकडचे सोबती त्याला सतत परत ओढत राहतात. बरेच वाचक दीडशे-दोनशे पानांत पुस्तक मिटतात. माझ्या मते दोष पुस्तकाचा नाही. 'पुढे काय झालं' या हिशेबाने ते वाचलं जातं, तिथे घोटाळा होतो.

पोरगं तीन जागांत फिरतं: भाड्याची खोली, मादाम कोटोचा गुत्ता आणि रान. पहिल्या वाचनात पेन्सिलीने एकच गोष्ट टिपावी, ती म्हणजे या फेरीला गुत्त्यात काय बदललं. सुरुवातीला ताडी आणि तिखटजाळ सूप विकणारी एकटी बाई दिसते. मग पक्षाची माणसं बसू लागतात, मग वीज येते, मग मोटार. वस्तीत इतर सगळे कंदील-मेणबत्तीवर असताना वीज पहिल्यांदा कुठे आली हे लक्षात ठेवा. स्वातंत्र्याच्या तोंडावरच्या देशाचं राजकारण त्या बदलांत आहे, भाषणांत नाही. एका बैठकीला वीस-पंचवीस पानं पुरे. वाक्यं लयीवर चालतात. भराभर वाचली की एक स्वप्न दुसऱ्यात कालवलं जातं आणि सगळंच सपाट वाटू लागतं.

उंबरठा
असहमत. वाचकावर ढकलू नका. बापाच्या कुस्तीवजा मुष्टियुद्धांकडे बघा. यलो जॅग्वार, ग्रीन लेपर्ड आणि शेवटी पांढऱ्या सुटातला माणूस. तिन्ही वेळा बाप आधी बेदम मार खातो, कुठूनशी ताकद येते, जिंकतो आणि मग अंथरुणाला खिळतो. तिसऱ्या वेळी निकाल ठाऊक असतो. रानातल्या दर्शनांचंही तेच. अवयव भलत्याच जागी असलेली माणसं पहिल्यांदा दचकवतात, दहाव्यांदा त्यांची यादी होते.

ओक्रींना साखळी बांधता येत नाही असं नाही. दुधाचा प्रसंग घ्या. श्रीमंतांचा पक्ष मतांसाठी दुधाची भुकटी वाटतो, वस्ती आजारी पडते, लोक उसळतात, छायाचित्रकार फोटो काढतो, ते पेपरात छापून येतात आणि गुंड त्याच्या मागे लागतात. त्याची फोटो मांडायची काचेची पेटी फुटते, तो रात्री लपतछपत अझारोच्या खोलीत निजायला येतो. एका कृतीतून दुसरी निघते. असं आणखी दोनदा घडलं असतं तर कुणी पुस्तक सोडलं नसतं. एक तृतीयांश काटछाट हवी होती.

पाऊलवाट
दोघांच्या बोलण्यात एक गोष्ट राहून जातेय. तयारीशिवाय वाचलं तर अझारो म्हणजे 'जादू' वाटते आणि जादूचा कंटाळा लवकर येतो. आधी दोन-तीन तास खर्च करावेत. नायजेरियाचेच कादंबरीकार चिनुआ अचेबे यांच्या 'थिंग्ज फॉल अपार्ट'चं (१९५८) नववं प्रकरण वाचावं. त्यात एझिन्मा आहे, नायजेरियातल्या इग्बो समाजातली 'ओग्बांजे' (म्हणजे त्यांच्याकडची अबिकू) मुलगी, आणि तिला पलीकडे बांधून ठेवणारा दगड खणून काढण्याची सगळी धडपड आहे. मग वोले सोयिंका आणि जे. पी. क्लार्क या नायजेरियन कवींच्या 'अबिकू' याच नावाच्या दोन कविता. सोयिंकांचा अबिकू उपायांना हसतो, क्लार्कच्या कवितेत घरचे त्याला राहण्याची विनवणी करतात. या दोन आवाजांच्या मधोमध अझारो उभा आहे.

योरुबा घरांत अशा मुलांना ठेवलेली नावंही बघा. मालोमो म्हणजे 'पुन्हा जाऊ नकोस', दुरोजाये म्हणजे 'थांब, आयुष्य भोग', कोकुमो म्हणजे 'आता मरणार नाही'. आपल्याकडे मुलं जगत नसलेल्या घरात धोंडू, दगडू, केरू अशी नावं ठेवत, मुलाचं नाक टोचून नथू म्हणत, ते यमाची नजर चुकवायला. तिकडे मुलाशीच बोलणं आहे. आपण मृत्यूला फसवतो, ते मुलाची समजूत घालतात. हा फरक कळला की आईबाप अझारोला परत बोलावतात ती पानं वेगळीच लागतात.

आणि कृपा करून 'मॅजिकल रिअॅलिझम'चा (जादुई वास्तववादाचा) शिक्का नको. तत्त्वज्ञ क्वामे अँथनी आपिया यांनी या कादंबरीच्या परीक्षणात 'आध्यात्मिक वास्तववाद' असं म्हटलं होतं, ते जवळचं आहे. इथे आत्म्यांचं जग हे रूपक नाही.

उंबरठा
नावांचा मुद्दा मान्य, फार चांगला आहे. पण तयारीने अनोळखीपणा जातो, लांबी जात नाही. दर चाळीस पानांनी अझारो हरवतो आणि सापडतो, ते तसंच राहतं.

शाईदौत
ते हरवणं-सापडणंच तर अबिकूचं आयुष्य आहे! शेवटाकडे अदे, म्हणजे दुसरा अबिकू मुलगा, म्हणतो की आपला देशही अबिकू आहे, येतो आणि जातो, एक दिवस राहायचं ठरवेल. नायजेरिया १९६० ला स्वतंत्र झाला, १९६६ ला दोन लष्करी उठाव, १९६७ ते ७० बियाफ्राचं (फुटून निघू पाहणाऱ्या प्रांताशी) यादवी युद्ध, १९७९ ला पुन्हा निवडून आलेलं सरकार, १९८३ च्या अखेरीस पुन्हा लष्कर. पुस्तक छापलं गेलं तेव्हाही सत्ता लष्कराकडेच होती. या देशाची गोष्ट सरळ रेषेत सांगितली असती तर ती खोटी झाली असती.

उंबरठा
अर्थ म्हणून पटतं. पण अदेचं ते वाक्य साडेचारशे पानांनंतर येतं. ज्याने दोनशेव्या पानावर पुस्तक ठेवलं त्याला त्याचा काय उपयोग? आकार वाचतानाच जाणवायला हवा, नंतर कुणी समजावून देऊन नव्हे.

कोरा कागद
पाऊलवाट यांच्या मुद्द्याला एक जोड. ओग्बांजे-अबिकूचा संबंध सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराशी जोडणारं लेखन बरंच आहे, आणि त्यात तथ्य आहे. नायजेरियात साधारण चारात एक माणूस त्या जनुकाचा वाहक आहे. गडचिरोली, नंदुरबारकडच्या वाचकांना हा आजार समजावून सांगायला नको. पण अझारोला रुग्ण समजून वाचू नका. तो निवडतो, आणि निवड काढून घेतली की कादंबरीच उरत नाही.

ज्यांचं पुस्तक सुटलंय त्यांनी पहिल्या पानापासून सुरुवात करू नये. बापाने मारल्यावर अझारो अन्न सोडतो आणि तीन डोक्यांचा आत्मा त्याला न्यायला येतो, तो भाग काढा आणि मोठ्याने वाचा. एकीकडे रस्ता आणि तो आत्मा, दुसरीकडे खोलीत हाका मारणारे आईबाप. एकाच परिच्छेदात दोन्ही जगं चालू असतात. डोळ्यांनी वाचताना सांधे दिसत नाहीत, कानाला ते लगेच कळतात. तिथून पुढे जा, मागचं नंतर वाचा.

उंबरठा
हा उपाय चालेल, कारण तो प्रसंग खरोखर बांधलेला आहे. बाप तिथे पहिल्यांदाच आपलं प्रेम शब्दांत मांडतो आणि मुलगा ते पलीकडून ऐकतो. लांबीबद्दलचं मत मात्र बदललं नाही. पुढचे दोन भाग, 'साँग्ज ऑफ एन्चांटमेंट' (१९९३) आणि 'इन्फिनिट रिचेस' (१९९८), याच वस्तीत चालू राहतात. पहिला भाग आवडला म्हणून लगेच ते हातात घेऊ नका, मध्ये सहा महिने जाऊ द्या.