अनुभव धागा : किनाऱ्यावरची फीत आणि उपाहारगृहाचे बंद दार

सांजवारा (धागाकर्ती)

काल माळा आवरताना पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या फितीचा एक गुंडाळा हाती लागला. २०२०च्या उन्हाळ्यात किनाऱ्याकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर ती आडवी बांधलेली होती. एका रात्री वाऱ्याने तुटून ती आमच्या अंगणात येऊन पडली आणि का कोण जाणे, मी ती टाकून दिली नाही. ती हातात आली आणि त्या वर्षी आमच्या घरात जवळजवळ रोज होणारा वाद जसाच्या तसा आठवला.

माझ्या धाकट्या दिरांचे उपाहारगृह होते आणि सासूबाईंना कंपवाताचा त्रास होता. ओल्या, घट्ट वाळूवरून रोज सकाळी अर्धा तास चालणे हेच त्यांचे खरे औषध होते, कारण सपाट जमिनीवर अडखळणारी त्यांची पावले तिथे न अडता पडत. ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने करोनाची साथ ही महासाथ असल्याचे सांगितले आणि थोड्याच दिवसांत किनारा व उपाहारगृह दोन्ही बंद झाले. तोवर आमच्यात वाद नव्हता, कारण सगळेच सारखे घाबरलेले होतो. काही महिन्यांनी निम्म्या आसनांवर उपाहारगृहे उघडली, किनाऱ्यावरची फीत मात्र तशीच राहिली, तेव्हा वादाला तोंड फुटले. चारी बाजूंनी काचा असलेल्या खोलीत तोंडावरची पट्टी काढून जेवायला परवानगी असेल, तर एकट्या म्हाताऱ्या बाईला उघड्या आभाळाखाली चालायला मनाई का, असे मी विचारत असे. त्यावर भावोजी म्हणत, "वहिनी, किनारा बंद राहिला तर कोणाचा पगार थांबत नाही. माझ्याकडे चौदा माणसे आहेत." या वाक्याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते.

किनारा उघडला त्या दिवशी मी सासूबाईंना घेऊन गेले. तीन पायऱ्या उतरून त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "वाळू पायाखालून सरकते गं, नको." पूर्वी त्यांना ही भीती कधी वाटली नव्हती. त्यानंतर त्या पुन्हा आल्या नाहीत.

तुमच्याकडे तेव्हा काय बंद होते, तुम्ही कोणत्या बाजूने बोलत होतात, आणि आज तुमचे मत तेच आहे का, हे मला मनापासून जाणून घ्यायचे आहे.

कंदील

मी तेव्हा एका वृत्तपत्रासाठी छायाचित्रे काढत होतो आणि 'किनाऱ्यावर गर्दी' अशा मथळ्याखाली छापलेली किमान चार छायाचित्रे माझी आहेत. लांब पल्ल्याच्या भिंगाने काढलेल्या छायाचित्रात मागची आणि पुढची माणसे एकमेकांना चिकटल्यासारखी दिसतात. प्रत्यक्षात त्यांच्यामध्ये दहा-दहा पावलांचे अंतर असते. मला हे ठाऊक होते. तरीही मी तेच भिंग वापरले, कारण पोलिसांनी पुढे जाऊ दिले नव्हते आणि दुपारपर्यंत छायाचित्र पाठवायचे होते. दुसऱ्या दिवशी उरलेल्या दोन वाटाही बंद झाल्या. त्या निर्णयामागे माझे छायाचित्र होते की नव्हते हे सांगता येणार नाही, पण तो सल माझ्या मनात आहे. तिथे बसलेली बहुतेक माणसे आपापल्या कुटुंबाच्या घोळक्यात, एकमेकांपासून लांब होती, हे मी डोळ्यांनी पाहिले होते.

सिडनीचा बाँडाय किनारा २१ मार्च २०२० रोजी बंद झाला, तेव्हाही आदल्या दिवशीच्या गर्दीची दृश्ये जगभर फिरली होती. तिथे पाचशेहून अधिक लोकांनी उघड्यावर जमू नये असा नियम होता आणि तो मोडला गेला होता, हेही खरे आहे. पण बंद खोलीतल्या गर्दीचे असे दृश्य कोणाला मिळतच नाही. तिथे भिंत आडवी येते.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे आणि त्या काळात 'सगळे बंद ठेवा' असे म्हणणाऱ्यांत होते. आजही त्याची मला लाज वाटत नाही. एप्रिल २०२० मध्ये आम्हाला हा विषाणू मुख्यतः तुषारांतून पसरतो की पृष्ठभागांवरून की हवेतून, हे नेमके सांगणारे कोणी नव्हते. कक्षातली शेवटची खाट भरलेली असताना बाहेर कोणी पोहायला गेले आहे असे कळले की मला राग येई, आणि त्या रागाला मी शास्त्र समजत होते. किनाऱ्यावर प्रत्यक्ष काय होते यापेक्षा तिथे जाताना भरलेली बस, एकच स्वच्छतागृह आणि परतीच्या वाटेवर जेवणासाठी केलेला थांबा यांची मला अधिक भीती होती, आणि ती भीती मला आजही योग्य वाटते. मात्र पहिल्या दोन महिन्यांचे अज्ञान आणि सहा महिन्यांनंतरचा हट्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याबद्दल कोणाला दोष देऊ नये असे मला वाटते.

सांजवारा, तुमच्या सासूबाईंबद्दल वाचून वाईट वाटले. कंपवाताचे कितीतरी रुग्ण त्या वर्षभरात घरात बसून खचले, आणि त्यांची नोंद कोणत्याही रकान्यात झाली नाही.

पाचवी गल्ली

रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. त्या वर्षी माझे वडील एका कक्षात अठरा दिवस होते आणि घरी परतले. तेव्हा तिथल्या कोणाचेही तोंड दिसत नसल्यामुळे आभार मानायचे राहून गेले. ते आज तुम्हाला सांगते.

भटारखाना

सांजवारा, मी तुमच्या भावोजींच्या बाजूचा माणूस आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

उपाहारगृह बंद करणे म्हणजे दाराला कुलूप लावणे नव्हे. भाडे चालू राहते, शीतकपाट चालू ठेवावे लागते, आणि आमच्याकडे काम करणारी निम्मी माणसे वरच्या माळ्यावर राहून दोन वेळ तिथेच जेवत असल्यामुळे, धंदा बंद झाला तरी चूल बंद करता येत नाही. पार्सल सुरू ठेवून आम्ही तग धरला, पण पार्सलात वाढप्यांना काम नसते. सात वाढप्यांपैकी पाच गावी गेले आणि त्यांतले दोनच परत आले.

मला राग निर्बंधांचा नव्हता, त्यांतल्या विसंगतीचा होता. आधी आम्हाला टेबले धुवायला सांगितले, ती आम्ही दर ग्राहकामागे धुतली. मग टेबलांमध्ये पारदर्शक पडदे लावायला सांगितले, तेही लावले. खिडकी उघडा असे मात्र कित्येक महिने कोणी सांगितले नाही. चीनमधील ग्वांगझू येथील एका उपाहारगृहाचा अभ्यास नंतर माझ्या वाचनात आला. २४ जानेवारी २०२० रोजी दुपारी तिथे तीन कुटुंबे शेजारशेजारच्या टेबलांवर जेवली आणि त्या तिन्ही कुटुंबांतील मिळून दहा जणांना संसर्ग झाला. टेबलांत सुमारे एक मीटरचे अंतर होते, मजल्याला खिडक्या नव्हत्या, आणि वातानुकूलन यंत्राचा झोत या तीन टेबलांवरून फिरत होता. त्याच मजल्यावरच्या इतर ग्राहकांना आणि वाढप्यांना मात्र काही झाले नाही. हे वाचल्यावर मी माझ्या जेवणघरात उभा राहून आपले यंत्र कुठून कुठे वारा फेकते ते हातात उदबत्ती धरून पाहिले. धूर चार नंबरच्या टेबलावरून थेट सहा नंबरवर जात होता. त्या दिवसापासून मी पडदे काढले, मागची भिंत फोडून दोन खिडक्या बसवल्या आणि श्वासातून सुटणारा, हवा कोंडली की साचणारा कर्बवायू मोजणारा एक मीटर आणला. मोकळ्या हवेत तो ४००च्या आसपास आकडा दाखवतो. खिडक्या नसताना भरल्या संध्याकाळी माझ्याकडे तो १८००च्या वर गेला असता, हे मी दारे-खिडक्या लावून, आम्हीच वीस जण तासभर बसून पडताळून पाहिले आहे.

हा मीटर कोणी पहिल्याच महिन्यात हातात दिला असता, तर कदाचित मी स्वतःच धंदा बंद ठेवला असता, आणि कदाचित लवकर सुरूही केला असता.

निळी शाई

भटारखाना, आपण भिंत फोडलीत, हे फार थोड्यांनी केले.

सप्टेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. अकरा ठिकाणच्या बाह्यरुग्ण केंद्रांत लक्षणे घेऊन आलेल्या ३१४ प्रौढांना, मागील दोन आठवड्यांत कुठे कुठे गेला होतात, असे विचारले गेले. ज्यांना संसर्ग निघाला त्यांनी उपाहारगृहात जेवल्याचे सांगण्याचे प्रमाण, संसर्ग न निघालेल्यांच्या सुमारे दुप्पट होते. खरेदी, केशकर्तनालय अशा इतर ठिकाणांबाबत असा फरक दिसला नाही, कारण तिथे तोंडावरची पट्टी राहू शकते आणि जेवताना ती काढावीच लागते. हा अभ्यास आत बसून जेवणारे आणि बाहेर बसून जेवणारे यांत भेद करत नव्हता, ही त्याची मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे.

किनाऱ्यांबद्दल सांगायचे तर, जून २०२० मध्ये इंग्लंडच्या बोर्नमथ किनाऱ्यावर इतकी गर्दी लोटली की स्थानिक प्रशासनाला आणीबाणीसदृश स्थिती जाहीर करावी लागली. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये एडिनबरा विद्यापीठातील साथरोगतज्ज्ञ मार्क वूलहाऊस यांनी ब्रिटिश खासदारांच्या समितीपुढे सांगितले की किनाऱ्याशी जोडता येईल असा एकही उद्रेक आपल्या माहितीत नाही. घोड्यांच्या शर्यतीसारखे मोठे मेळावे त्यांनी वेगळे काढले, कारण तिथे प्रवासात आणि खाण्यापिण्याच्या ठिकाणी माणसे दाटतात. म्हणजे रात्रपाळी यांनी बस आणि वाटेतल्या थांब्याबद्दल जे लिहिले, तेच.

त्याच इंग्लंडमध्ये ऑगस्ट २०२० मध्ये आठवड्यातले तीन दिवस उपाहारगृहात बसून जेवणाऱ्याला सरकार निम्मी सूट देत होते, आणि ती पार्सलला लागू नव्हती. उलटे झाले असते तर किती बरे झाले असते, असे मला राहून राहून वाटते.

लाटपाणी

मी जीवरक्षक आहे. या चर्चेत एक बाजू कोणी मांडत नाही, म्हणून कामावरून आल्या आल्या लिहितो आहे.

किनारा बंद झाला म्हणजे आमची चौकीही बंद झाली, पण समुद्र काही बंद झाला नाही. फीत ओलांडून लोक येतच होते, आणि पोलिसांची नजर चुकवायची म्हणून नेमके खडकांच्या बाजूने, जिथे पाणी आत खेचते तिथून उतरत होते. एका संध्याकाळी मी कामावर नसताना, केवळ सवयीने धक्क्यावर उभा होतो म्हणून एक मुलगा वाचला. त्याला बाहेर काढल्यावर माझे हात थांबले, कारण तोंडाने श्वास देऊ नका अशी सूचना आम्हाला होती आणि हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी कुलूपबंद चौकीत होती. हृदय अचानक थांबलेल्या माणसाला केवळ छाती दाबूनही काही काळ तगवता येते, पण बुडालेल्याला आधी हवा लागते. मी श्वास दिला. नंतर चौदा दिवस मुलांपासून वेगळ्या खोलीत राहिलो. कोणाला काही झाले नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की किनारा बंद ठेवायचा असेल तर ठेवा, पण आम्हाला आधी घरी पाठवू नका.

चिमणीघर

माझा मुलगा स्वमग्न आहे आणि तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्याच्या दिवसाला दोन खुंट्या होत्या : सकाळी लाटांच्या कडेने चालणे आणि शुक्रवारी एकाच उपाहारगृहात, कोपऱ्यातल्या एकाच टेबलावर बसणे. दोन्ही एका आठवड्यात गेल्या. त्याला विषाणू समजावता येत नव्हता. फीत समजत होती, कारण ती दिसत होती, म्हणून तो रोज फितीपर्यंत जाऊन तिला हात लावून परत येई. तसे आम्ही किती महिने केले ते मोजले नाही.

फ्रान्समध्ये मे २०२०पासून काही किनारे एका अटीवर उघडले, हे मी तेव्हा वाचले होते : चाला, पोहा, पण वाळूवर बसू नका, पडून राहू नका. आम्हाला तेवढे पुरले असते. चालणाऱ्याला जाऊ द्यायचे आणि मांडी घालून बसणाऱ्याला उठवायचे, इतका साधा मधला मार्ग फार थोड्या ठिकाणी कोणाला सुचला.

पाचवी गल्ली

मधले मार्ग सगळेच चांगले नव्हते, चिमणीघर. आमच्याकडे किनारा उघडला आणि वाहनतळ बंद ठेवला. त्यामुळे समोरच्या बंगल्यांतली माणसे रोज फिरत राहिली, आणि लांबून, एकेका खोलीत सहा-सहा जण राहणारी कुटुंबे, ज्यांना मोकळ्या हवेची सर्वाधिक गरज होती, ती आलीच नाहीत. उपाहारगृहांचेही तसेच झाले : बाहेर टेबले मांडायची मुभा ज्यांच्यापुढे रुंद पदपथ होता त्यांनाच उपयोगी पडली. काहींनी पदपथावर तंबू उभारले आणि थंडी वाढली तशी त्याच्या तिन्ही बाजू बंद केल्या. नाव बाहेरच्या जागेचे राहिले आणि हवा आतल्या खोलीची झाली.

सांजवारा (धागाकर्ती)

सर्वांचे प्रतिसाद मी आज संध्याकाळी भावोजींना वाचून दाखवले. भटारखाना यांचा उदबत्तीचा भाग त्यांनी दोनदा वाचायला लावला. मग म्हणाले, "वहिनी, तेव्हा मी आईला सकाळी सहा वाजता फितीखालून घेऊन जाऊ शकलो असतो. मला दंडाची भीती नव्हती. कोणी पाहिले तर माझा परवाना जाईल याची होती." हे त्यांनी पाच वर्षांत कधी सांगितले नव्हते. चौदा माणसांचे ते वाक्य मी इतकी वर्षे माझ्याविरुद्धचे समजत होते.

लाटपाणी, त्या मुलाची पुढे कधी भेट झाली का?

लाटपाणी

हो. आता तो आमच्याच चौकीवर उन्हाळ्यात मदतनीस म्हणून येतो. पिशवी तपासण्याचे काम मी त्याच्याकडे दिले आहे.

कंदील

भटारखाना, एक विचारायचे राहिले. तो मीटर नेमका कुठे ठेवावा? माझ्या बहिणीच्या उपाहारगृहात खिडकी एकच आहे.

भटारखाना

खिडकीजवळ किंवा यंत्राच्या झोतात ठेवू नका, आणि कोणाच्या तोंडासमोरही नको, नाहीतर आकडा फसवतो. बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, खिडकीपासून सर्वांत लांबच्या टेबलाजवळ ठेवा आणि भरल्या वेळी पाहा. आकडा ८००च्या पुढे जात असेल तर खिडकीसमोरच्या भिंतीत हवा बाहेर फेकणारा एक पंखा बसवायला सांगा. एका खिडकीने हवा येईल, पण तिला जायलाही वाट लागते.