एक्स्पान्शन व्हॉल्व्हचा स्क्रू फिरवण्याआधी

शीतगाडीची पेटी थंड व्हायला वेळ लागतो आणि सुपरहीट (कॉइलमधून बाहेर पडणारा गॅस आपल्या उकळण्याच्या तापमानापेक्षा जितके अंश जास्त गरम असतो ते) १५ अंश दिसते, म्हणून मेकॅनिकने एक्स्पान्शन व्हॉल्व्हचा (कॉइलमध्ये किती गॅस सोडायचा ते ठरवणाऱ्या झडपेचा) स्क्रू दोन फेरे उघडला, असे आपण लिहिले आहे. माझ्या मते मोजणीची वेळच चुकली. ते दोन फेरे आधी परत घ्यावेत. गाडीच्या इंजिनावर चालणाऱ्या युनिटमध्ये बहुधा एमओपी (कमाल दाबाची मर्यादा पाळणारा) प्रकारचा व्हॉल्व्ह असतो, आणि पेटी गरम असताना कॉम्प्रेसरवर जादा भार येऊ नये म्हणून तो मुद्दामच कमी उघडतो. त्या वेळी सुपरहीट जास्त दिसणारच.

मोजणी पेटी ठरलेल्या तापमानाजवळ आल्यावर, इंजिनाचा वेग स्थिर ठेवून करावी, कारण आयडलवर कॉम्प्रेसर मंदावतो, सक्शनचा (कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या गॅसचा) दाब चढतो आणि आकडे फसवतात. आर-४०४ए गॅस असताना कॉइलच्या बाहेर पडणाऱ्या नळीवर गेज सुमारे २ बार दाखवत असेल, तर संपृक्त तापमान (त्या दाबाला गॅस उकळण्याचे तापमान) उणे २० अंश होते. व्हॉल्व्हला तापमान कळवणारा बल्ब या नळीवर बांधलेला असतो; त्याच्याजवळ नळी उणे १४ असेल, तर सुपरहीट ६ अंश, आणि व्हॉल्व्हला हात लावण्याचे कारणच उरत नाही. बदल करावाच लागला, तर पाव फेरा फिरवून किमान १५ मिनिटे थांबावे.

त्याआधी बल्ब अवश्य पाहावा. मासळीच्या एका गाडीत कॉम्प्रेसरपर्यंत नळीवर बर्फ येत होता. उघडून पाहिले तेव्हा धक्क्यांनी पट्टी ढिली होऊन बल्ब नळीपासून बोटभर सुटलेला होता; त्याला नळी गरम भासून व्हॉल्व्ह जास्त उघडत होता. पट्टी आवळून वर इन्सुलेशन गुंडाळताच बर्फ थांबला, स्क्रू न फिरवता.